तुझे हात तिच्याकडे गेले

माय,

गादीवाल्याची पोर दर रविवारी माझ्या घरी येते. अकोल्याहून सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरते, तिथून ऑटो करते आणि अमरावतीत आमच्या दाराशी आली की चपला काढायच्या आधी मान उंचावून घरात कोण कोण आहे ते पाहून घेते. मग मला ओलांडून सरळ माझ्या नातीकडे जाते. मी पोर म्हणते, पण ती आता पन्नाशीला आली. केसांना मेंदी, डोळ्यांवर मोठा गॉगल, कपडे नेहमी एकरंगी. सरकारी कचेरीत नोकरी करते, दोन मुलं हाताशी आली आहेत, आणि चहात साखर कमी पडली तर कप तसाच माझ्या हातात परत देते. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. हे तुला काय सांगायचं. तिच्या हातात पहिला शब्द तूच ठेवलास. मला तिचं येणं आवडत नाही. मीच तिला शोधलं, मीच बोलावलं, तरी आवडत नाही. तू गेल्याला वीस वर्षं होत आली. तुझ्यावर रुसून बसायचं माझं वय राहिलेलं नाही, पण रविवार उजाडला की मी पुन्हा नऊ वर्षांची होते.

माझ्या नातीला ऐकू येत नाही हे आम्हाला उशिराच कळलं. ती सगळ्यांकडे बघून इतकी हसायची की कुणाला शंकाच आली नाही. मग उन्हाळ्यात एकदा कूलरचा पंखा जाळीला घासून असा काही किंचाळला की शेजारच्या बाई धावत आल्या, आणि ही त्याच कूलरला गाल लावून बसलेली, गालाला थरथर लागते म्हणून खुशीत. सून दारातच थबकली. सून तेल्हाऱ्याची, औषधांच्या दुकानात काम करते, बोलायला रोखठोक. तिनं पोरीच्या मागून टाळी वाजवली, मग ताट आपटलं, मग पोरीला उचलून छातीशी धरलं. पुढे नागपूरला तपासण्या झाल्या. कानाला मशीन लागलं. ऑपरेशनचं बोलणं सुरू झालं, ते अजून सुरूच आहे. कधी पोरीला ताप येतो, कधी तारीख पुढे जाते. मुलगा म्हणाला, ऑपरेशन झालं की बोलेलच, तोवर थांबू. सून म्हणाली, "ऑपरेशन होईन तवा होईन. तवरक लेकरानं काय मुकाट बसाचं? भूक लागली हे बी कोनाले नाई सांगाचं?" मी भाजी निवडत होते. माय, हे बोलणं मी आधी ऐकलेलं होतं, तुझ्या तोंडून, जवळजवळ याच शब्दांत. भाजी तशीच ठेवून मी उठले, अकोल्यात चार ठिकाणी फोन केले आणि गादीवाल्याच्या पोरीचा नंबर मिळवला.

तुझं ते स्वयंपाकघर मला आता डोळे मिटले की दिसतं. अकोल्यात शाळेच्या आवारातली दोन खोल्यांची क्वार्टर, मागचं दार थेट चुलीपाशी उघडणारं. बाबा सेमाडोहला वनरक्षक, महिन्यातून एकदा यायचे, त्यामुळे घर म्हणजे तू आणि मी. तुझी शाळा न ऐकणाऱ्या मुलांची, पण तिथे तेव्हा हातांनी बोलायला बंदी होती. मुलांनी समोरच्याचे ओठ बघायचे, घशातून आवाज काढायचा आणि हात मांडीखाली ठेवायचे. तू दिवसभर एकेकाला आरशापुढे बसवून 'प' शिकवायचीस. त्याच्या ओठांसमोर कागदाची पट्टी धरायचीस. पट्टी हलली की शाबास. शाळा मुलं घ्यायची ती पाच-सहा वर्षांची झाल्यावर. तोवर ती घरी, कुणाशी एक शब्द न बोलता. बाबा आले की तू त्यांच्यापाशी चिडायचीस, "पाच वर्सं लेकराशी कोनी काई बोलतच नाई, अन् मंग एक दिवस आमी त्याले म्हनतो, बोल!" हातांची भाषा तुला कुठल्या प्रशिक्षणात शिकवली नव्हती. वसतिगृहातली मोठी मुलं शिक्षकांची पाठ फिरली की आपसात बोलायची. ती त्यांच्याकडून तू उचललीस. आणि रविवारी दुपारी, समोरचं आवार सुनसान असताना, तान्ह्या आणि रांगत्या लेकरांच्या आया आपल्या मागच्या दारानं आत यायच्या.

तुझी शिकवायची रीत मला पाठ होती. मी ती उंबऱ्यावरून पाहिलेली होती. तू सुरुवात कधीच शब्दानं करायची नाहीस. आधी लेकरू काय बघतंय ते बघायचं. एकदा एक आई रडकुंडीला आली होती, "बाई, हे माह्याकडे पाह्यतच नाई वो." तू म्हणालीस, "तुह्याकडे कायले पाह्यन थे? तू का मांजर हायेस? थे मांजरीले पाहून राह्यलं ना, मंग तुहा हात तिकडे ने, मांजरीजोळ." बायका खदखदल्या. तू मांजरीशेजारी बसलीस, गालावरून मिशा ओढल्यासारखी दोन बोटं फिरवलीस आणि थांबलीस. पोराची नजर मांजरीवरून तुझ्या बोटांवर आली, पुन्हा मांजरीवर गेली. बस, तेवढंच. दुधाला मूठ दाबायची, आईला नाकाच्या चमकीवर बोट, अजून हवं तर बोटांची टोकं एकमेकांवर टेकवायची. पण हे सगळं पोराच्या नजरेच्या वाटेत. हनुवटी धरून त्याचं तोंड आपल्याकडे वळवलेलं तुला मुळीच खपायचं नाही. "बैल हाय का थो, मुसक्याले धरून फिरवाले?" आणि त्या दुपारी तू नेहमी साध्या, एका रंगाच्या लुगड्यात असायचीस. फुलाफुलांच्या कापडावर हात नीट दिसत नाहीत, म्हणून.

गादीवाल्याची पोर तेव्हा दीड वर्षाची होती. तिच्या वडिलांचं कापूस पिंजायचं आणि गाद्या भरायचं दुकान होतं, तिच्या केसांत नेहमी कापसाचे तंतू अडकलेले असायचे. तिची अम्मी तिला तुझ्या मांडीवर ठेवायची आणि निवांत पान लावत बसायची. एका रविवारी मी शाळेतून पाठांतराचं पहिलं बक्षीस घेऊन आले. कार्यक्रम लांबला म्हणून उशीर झालेला, पोटात कावळे ओरडत होते. मी मागच्या दारातूनच ओरडले, माय, मले पह्यला नंबर भेटला. तू भाकरी थापत होतीस, तुझी पाठ माझ्याकडे. "वा वा," म्हणालीस, "हातपाय धू, जेवाले बस." पाठ तशीच. तुझा आवाज आनंदाचा होता, ते खोटं नाही. मी हातपाय धुवून आले तर ती पोर चुलीपाशी तुझ्या मांडीवर होती. तू भाकरीचा तुकडा तिच्या हातावर ठेवलास. तिनं तो खाल्ला, तुझ्या तोंडाकडे पाहिलं आणि दोन्ही हातांच्या बोटांची टोकं एकमेकांवर टेकवली. अजून. तिच्या आयुष्यातला पहिला शब्द. तू तव्यावरची भाकरी करपू दिलीस, माय. पिठाचे हात घेऊन तिला उचललंस, गरागरा फिरलीस, तिच्या अम्मीला म्हणालीस, "बोलली वो तुही पोट्टी, बोलली!" अम्मी पान बाजूला ठेवून रडायला लागली. मी माझ्या बक्षिसाचा पेन हातात घेऊन ताटावर बसले होते. करपलेल्या भाकरीचा वास मला आजही कुठे आला तर आधी राग येतो.

मला त्या दिवशी एक गोष्ट समजली, ती नीट शब्दांत मांडायला मला फार वर्षं लागली. त्या लेकरांशी बोलायचं तर तुला त्यांच्याकडे बघावंच लागायचं. हातातलं काम ठेवून, समोर बसून, डोळ्यांत डोळे घालून. माझ्याशी बोलायला तुला माझ्याकडे बघायची गरज नव्हती. मला ऐकू येत होतं. तू माझ्याशी भांडी घासता घासता बोलायचीस, केरसुणी मारताना, दुसऱ्या खोलीतून. तुझं बोलणं सगळं माझ्या वाट्याला होतं आणि तुझं बघणं सगळं त्यांच्या. मी तुझ्यामागे लागले, मले बी शिकव. तू पाट्यावर मिरची वाटत होतीस. तू थांबली नाहीस. "तुले कायले पायजे थे? तुले कान हायेत, तोंड हाय. थ्याइच्याजोळ तेवढंच हाय." मी पुन्हा म्हटलं, तेव्हा तू अशी खेकसलीस की शेजारच्या क्वार्टरमधल्या बाईंनी विचारलं, काय झालं वो. पुढच्या महिन्यात तू माझ्यासाठी एक छोटा रेडिओ आणलास. अख्ख्या आवारात कुणाच्या पोरीकडे स्वतःचा रेडिओ नव्हता. तू मला कमी काही दिलं, असं मी कधीच म्हणू शकणार नाही. मी रविवारी तो रेडिओ घेऊन पुढच्या पायरीवर बसायची आणि आत तुझा आवाज बंद झालेला असायचा.

माझ्या लग्नाचंही तेच. मांडवात मी पांढऱ्या साडीत उभी, भन्तेजी त्रिशरण म्हणताहेत, मी हात जोडून तुला शोधते आहे. सगळ्या आया मुलीशेजारी उभ्या राहतात. तू मांडवाच्या उजव्या कोपऱ्यात, गर्द निळ्या बिनकाठाच्या साडीत, तुझ्या विद्यार्थ्यांच्या रांगेसमोर, आणि बुद्धाला शरण जाणं त्यांना हातांनी सांगते आहेस. शाळेतली हातांची बंदी तोवर उठली होती. पाहुणे वधूवरांना सोडून तुझ्याकडे बघत होते. सुंदर दिसत होतं ते, माझ्या सासूबाईंनीही नंतर सांगितलं. गादीवाल्याची पोर पहिल्या रांगेत होती, कॉलेजात जायच्या वयाची, आणि शेवटी तिनं मान तिरकी करून तुला काहीतरी म्हटलं आणि तू हसलीस. माझ्या लग्नात माझी आई कशाला हसली ते मला माहीत नाही. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "असन त्याइचं काई."

आता ती माझ्या हॉलमध्ये सतरंजीवर बसते आणि माझी नात तिच्या गुडघ्याशी. दीड वर्षाची होईल आता. मी खुर्चीवर बसून बघते. ती हात हलवते तेव्हा तुझा उजवा खांदा किंचित वर जायचा तसा तिचा जातो. थांबते ती तशीच, तेवढाच वेळ. शेंगदाणा मागणारी खार खिडकीच्या गजावर आली की तीही आधी बाळाची नजर बघते, मग सरकत खिडकीपाशी जाते आणि खारीच्या शेजारी हात नेते. हे सगळं तुझं आहे. हे माझ्याकडे यायला हवं होतं, तुझे डोळे आणि तुझं मोठं कपाळ माझ्याकडे आलं तसं. माझ्या आईचे हात एका गादीवाल्याच्या पोरीकडे गेले आणि ती ते दर रविवारी माझ्या घरी आणून माझ्यासमोर वापरते.

मी शिकायचं ठरवलं, त्यात माझी फजितीच जास्त झाली. इतकी वर्षं वर्तमानपत्राच्या कचेरीत तालुक्याच्या बातम्या नीट करण्यात गेली, मान खाली घालून. त्या कामात कुणाकडे बघावं लागत नाही. मी बाळाशी मागून बोलते. तिला दुधाचं सांगायचं तर आधी तोंडानं 'दूध पिते का माही बाई' म्हणते आणि मूठ दाबायला विसरते. एकदा ती खारीकडे बघत होती आणि मी तिची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं. ज्या गोष्टीवर तू पंचवीस बायकांना रागावलीस तीच मी केली, उंबऱ्यावर बसून सगळं ऐकलेलं असताना. बाळानं माझ्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. गादीवाल्याची पोर हसून हसून आडवी झाली. मग तिनं सुनेला हातांनी काहीतरी सांगितलं, सून पदरात तोंड लपवायला लागली. सून फार भराभर शिकली आहे. मी म्हटलं, काय म्हणते ती? "जाऊ द्या ना आई." नाही, सांग. "थे म्हनते, आजीची हनुवटी कोनी अशी धरली असती तं आजी बी चावली असती." ती गाडीत बसल्यावर मला मेसेज पाठवते, तोडून तोडून लिहिते, पण नेम चुकत नाही. 'तुमचे हात ठीक. तुमचा चेहरा पेपर वाचतो. चेहरा बोला.' आणखी एकदा, 'बाळ हुशार. आजी मध्यम.'

पहिला शब्द बाळानं तिलाच दिला. पाऊस थांबून ऊन पडलेलं होतं. ती बाळासमोर केळ्याचे काप एकेक करून ठेवत होती. तीन काप झाले आणि तिनं हात मागे घेतला. बाळानं रिकाम्या बशीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि दोन्ही हात जवळ आणून बोटं टेकवली, वेडीवाकडी, डाव्या हाताचा अंगठा बाहेर. अजून. सून किंचाळली. गादीवाल्याच्या पोरीनं बाळाला उचललं आणि गरागरा फिरली, माय, अगदी गरागरा. माझा मुलगा मोबाइलवर ते सगळं टिपत होता आणि मला म्हणत होता, आई, बघ ना, बघ. मी स्वयंपाकघरात गेले. कढई उतरवली, ताटं धुतलेली होती ती पुन्हा मांडली, डबे जागेवरून हलवले. थोड्या वेळानं सून दारात आली. "आई, भांडे कायले आपटून राह्यल्या? थ्या दोघीइले तं आयकूच येत नाई. मलेच येते." मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. ती माझ्या हातातला डबा काढून घेऊन म्हणाली, "केळ तुमीच आणलं व्हतं ना? मंग झालं." तेवढ्यानं काही झालं नाही, पण ती म्हणाली हे बरं वाटलं.

मागच्या रविवारी मला तिच्याशी एकटीनं बसायची वेळ आली. सून दुकानात, मुलगा बाहेरगावी, बाळ शिकून दमून झोपलेलं. ती माझ्यासमोर वांग्याची भाजी आणि भाकरी खात होती, मिटक्या मारत. मी हे कधीपासून मनात धरून होते. तुझं घशाचं ऑपरेशन झालं, तेव्हाचं. गळ्यात नळी, आवाज बंद, उजव्या हाताला सलाईन. तू डाव्या हातानं माझ्याशी काहीतरी बोलायचीस आणि मला एक अक्षर कळायचं नाही. पाटी दिली तर डाव्या हाताच्या नुसत्या रेघोट्या उमटल्या, तू ती बाजूला सारलीस. मी अंदाजानं नाकातल्या नळीतून पाणी सोडत राहिले. पुन्हा बोट हललं की पुन्हा पाणी. मग ही अकोल्याहून आली. तुझ्या खाटेवर बसली, आणि तुम्ही दोघी बोललात, तासभर तरी. मी दाराशी उभी होते. तुझा डावा हात, तिचे दोन्ही. तुझे खांदे हलत होते, म्हणजे तू हसत होतीस. चार दिवसांनी तू गेलीस. त्या दिवशी निघताना ती मला व्हरांड्यात भेटली होती, हातवारे करत होती, मी हो हो म्हणून मान हलवली आणि डॉक्टरांच्या मागे धावले. तुझं शेवटचं धड बोलणं तिच्याशी झालं. मी तिला इतक्या वर्षांत ते विचारलं नाही. कशाला विचारू? माझ्या आईचं बोलणं मी दुसऱ्या कुणाकडे मागायचं?

पण मागितलं. मोबाइलवर लिहिलं, हॉस्पिटलात त्या दिवशी माय तुमच्याशी काय बोलली? तिनं वाचलं. भाकरीचा घास पुरा केला, उठून हात धुतले, पुसले, आणि हातांनीच सांगायला सुरुवात केली. माझा चेहरा बघून थांबली, सुस्कारा टाकला आणि माझा मोबाइल ओढून घेऊन लिहायला लागली. 'बाई बोलली पाणी नको. मुलगी पाणी पाणी पाणी. पोट मटका झाला. मी बाहेर तुम्हाला सांगितली. तुम्ही हो हो. परत पाणी.' मी वाचून तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. मी लिहिलं, अजून काय बोलली? तिनं बराच वेळ लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. 'बाई बोलली, मुलगी लहान, हेडमास्तरची मुलं सोबत खेळायची. मुलीचे हात बोलले तर हेडमास्तर कळणार. माझी नोकरी जाणार. शाळा बंद, रविवार पण बंद. म्हणून शिकवली नाही. आता भोगते मी, पाणी पिते. मग बाई खूप हसली.' आणि त्याखाली तिनं आपलं म्हणून जोडलं, 'मी पण हसली. सॉरी.'

म्हणजे ते असं होतं. मी मुख्याध्यापकांच्या मुलींबरोबर दिवसभर आवारात खेळायची हे खरंच होतं. माझ्या तोंडावर तुझा विश्वास होता, हातांवर नव्हता. नऊ वर्षांच्या पोरीच्या हातांवर कोण ठेवेल? मी तुझ्या जागी असते तर मीही शिकवलं नसतं, कदाचित तुझ्याहून जोरात खेकसले असते. सगळं पटलं, माय. पटून झाल्यावर दुसऱ्याच मिनिटाला मला वाटलं, हे तू हिला सांगितलंस. मी शाळा सोडली, लग्न झालं, तू निवृत्त झालीस, मुख्याध्यापक वारले, त्यांच्या मुली कुठल्या कुठे गेल्या. तुझा गळा कापला जाईपर्यंत तुझ्याकडे आवाज होता आणि माझ्याकडे कान. कुठल्याही दिवशी, कुठल्याही भाकरीच्या वेळी, माझ्याकडे पाठ करूनही हे सांगता आलं असतं. तू हिच्यासमोर बसलीस तेव्हाच ते तुझ्यातून बाहेर आलं. वरून तो विनोदही हिलाच सांगितलास, आणि माझ्यावरचा.

ती मात्र निघताना माझ्यापाशी थांबली. गॉगल कपाळावर सरकवला, मला समोर बसवलं आणि 'पाणी', 'नको', 'पुरे' हे तीन शब्द माझ्याकडून करून घेतले, पुन्हा पुन्हा, ऑटोवाला बाहेर हॉर्न वाजवतोय हे मी तिला सांगायचा प्रयत्न करत असताना. 'पुरे' म्हणताना भुवया कशा ठेवायच्या हे दाखवायला तिनं तिच्या दोन अंगठ्यांनी माझ्या भुवया खाली ओढल्या. इतक्या जवळून माझ्याकडे कुणी कधी बघितलं होतं ते मला आठवेना. मला ती आवडत नाही हे मी वर लिहिलं आहे आणि ते मी खोडणार नाही. पण ती शिकवते चांगलं. तुझ्याहून काकणभर जास्तच कडक.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. सुनेला दाखवलं तर ती म्हणेल, आई, एवढं मनात ठेवून कायले राह्यल्या? हे तुझ्या हातांच्या भाषेत कुणी सांगू शकत असेल तर ती एकटी गादीवाल्याची पोर, आणि तिच्या हाती हे मी देणार नाही. तिला मराठी वाचता येतं. माझ्या कपाटात साड्यांखाली राहू दे.

एक सांगून टाकते. परवा गुरुवारी दुपारी घरात आम्ही दोघीच होतो, बाळ आणि मी. ती दुडुदुडु दाराशी गेली, दाराच्या फळीवर हात मारला आणि वळून माझ्याकडे पाहिलं. मग सतरंजीवर जिथे ती बाई बसते त्या जागेकडे बोट केलं, पुन्हा दाराकडे केलं, आणि दोन्ही तळवे उघडून उताणे धरले. कुठे आहे ती? इतकं स्वच्छ, इतकं नीट विचारलं तिनं. कुणी समजावून न देता मला समजलेलं हे तिचं पहिलं वाक्य. उत्तरही मला येत होतं. रविवारी येईल, हे सून तिला रोज सांगते, मी ते पाहून पाहून शिकले आहे. मी तिच्या समोर जाऊन खाली बसले, माझा हात तिच्या नजरेच्या वाटेत नेला, तुझ्यासारखा, आणि मूठ दाबली. दूध हवं? ती माझ्याकडे बघत राहिली, बराच वेळ, माझ्या तोंडाकडे, हाताकडे, पुन्हा तोंडाकडे. मग तिनं तिची चिमुकली मूठ दाबली. मी दूध आणायला उठले.

तिनं काय विचारलं होतं ते मला कळलं होतं, माय.